पी म्हणजे प्रायव्हेट

१

मंगळवारी सकाळी साडेआठला मी ऑफिसात शिरले, तर ब्रिन माझ्या खुर्चीत बसलेली. संचालकबाई आपल्या खुर्चीत येऊन बसल्या की समजावं, आज कॉफी काही सुखानं प्यायला मिळत नाही.

तिनं 'बीकन' माझ्यापुढे सरकवला. आमच्या गावाचा साप्ताहिक पेपर. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता: 'पवनचक्क्यांविरुद्धच्या पत्रकांमागे मिसेस रेमंड पॅव्हलिक. ज्युनिपर फंडाचं गुपित फुटलं.'

"वाचा," ब्रिन म्हणाली, "आणि मग मला सांगा, हे पेपरवाल्यापर्यंत पोचलं कसं."

मी आर्डिस ब्रेके. विस्कॉन्सिनात, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एका लहानशा गावात सत्तावीस वर्षं फाउंडेशनची नोकरी केली. गावातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत, तेव्हा उगाच नकाशा घेऊन बसू नका. आमचं काम सांगायला सोपं आहे. तुमच्याकडे पैसे जास्त झाले की आमच्याकडे एका फंडात ठेवायचे. एकदा ठेवले की परत मागायचे नाहीत, पण कर त्याच वर्षी वाचतो. पुढे सवडीनं आम्हाला कळवायचं, यातले इतके दवाखान्याला द्या, इतके वाचनालयाला. चेक आमच्याकडून जातो. घेणाऱ्याला फंडाचं नाव कळतं, तुमचं नाही. फंडाला आजोबांचं नाव द्या, नाहीतर अंगणातल्या झुडपाचं द्या. ज्युनिपर हे झुडूपच आहे.

नाव न सांगता देण्याइतकं सुंदर जगात काही नाही, असं मला सव्वीस वर्षं वाटत आलं. कुणाच्या तरी मुलाच्या कॉलेजची फी भरली जायची आणि भरणारा चर्चमध्ये त्याच मुलाच्या मागच्या बाकावर बसून खोकत असायचा. मग सव्विसाव्या वर्षी ज्युनिपर फंडानं 'शांत किनारा' नावाच्या संस्थेला भलीमोठी रक्कम पाठवायला सांगितली, आणि महिन्याभरात माझ्याच दारात एक गुळगुळीत पत्रक येऊन पडलं. मेलेल्या गाईचा फोटो. मागे पवनचक्की. गाय कशानं मेली ते लिहिलं नव्हतं. 'मत द्या' हे शब्दही कुठे नव्हते. नुसती माहिती, म्हणे. तळाशी बारीक अक्षरांत 'ज्युनिपर फंडाच्या सहकार्यानं'. त्या चेकच्या पाकिटाला तिकीट मी स्वतः लावलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी आमच्याकडे पवनचक्क्यांवर मतदान व्हायचं होतं. त्यावरून अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याशी बोलत नव्हतं. आणि आता मतदानाला तीन आठवडे राहिले असताना हे.

"ज्यांना नाव अजिबात बाहेर नकोय, अशा फंडांचे कागद लोखंडी कपाटात असतात," ब्रिन म्हणाली. "कॉम्प्युटरवर नाव नाही. मला नाव माहीत नाही, अध्यक्षांना नाही. कपाटाची एक किल्ली तुमच्याकडे. दुसरी वकिलांकडे मिलवॉकीला. मी काल रात्री त्यांना फोन केला. त्यांच्या पाकिटाचं सील शाबूत आहे."

"म्हणजे मी."

"मी तसं म्हटलेलं नाही. पण पेपरवाल्यानं मला त्याच्याकडच्या कागदाबद्दल फोनवर सांगितलं. आपल्या ऑफिसचा कागद आहे, टाइप केलेला. त्यातला 'आर' अर्धवट उडालेला. आर्डिस, या इमारतीत टाइपरायटर तुमच्याशिवाय कोण वापरतं?" ती उठली. "गुरुवारी पाच वाजता मंडळाची बैठक आहे. तोवर काही सांगण्यासारखं असेल तर सांगा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

एकसष्टाव्या वर्षी चोर ठरून घरी जायचं. मी पेपर पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग मी नोकरीचं विसरूनच गेले.

पेपरातलं नाव चुकीचं होतं.

२

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना, की बाई, हे नाव नाही. इथेच तर गोम आहे. आमच्या गावात ज्याच्याकडे एवढा मोठा फंड असू शकेल अशी माणसं वीस-बावीस. आज मी 'ही नव्हे' म्हटलं, की उद्या दुसरा येऊन विचारणार, मग तो का? परवा तिसरी. ज्याच्या नावाला मी गप्प बसेन, तो पकडला गेला. म्हणून आमचा नियम असा की होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. मी त्या माणसाला शब्द दिला होता, कागदावर सही करून. तुम्हालाही मी ते नाव सांगणार नाहीये.

पण एक गोष्ट माझ्या एकटीच्या हातात होती. ज्यानं कपाटातला कागद पाहिला असता, त्यानं खरं नाव दिलं असतं. तेव्हा बातमी कपाटातून फुटलेलीच नव्हती. ती दुसरीकडून कुठून तरी गेली होती, आणि जाताना चुकली होती. मुद्दाम कुणी खोटं नाव दिलं असेल, हाही विचार केला. पण मिसेस पॅव्हलिकवर, म्हणजे आमच्या मिस कोरावर, खोटं कुभांड रचावं असा तिचा वैरी आमच्या जिल्ह्यात नव्हता.

'बीकन'चं ऑफिस म्हणजे संपादक जड फेन्स्के आणि त्याचं कुत्रं. जडनं मला पाहिलं आणि आधीच दोन्ही हात वर केले.

"आर्डिस, कुणी दिलं ते सांगणार नाही. जीव गेला तरी नाही."

"तुझा जीव घेऊन मी काय करू? मला कागद दाखव."

"कशाला?"

"माझ्यावरच आळ आहे. फाशी जायचं तर दोर तरी बघून घेते."

तो हसला. तो मनानं वाईट नाही, फक्त दर मंगळवारी त्याला पहिलं पान भरायचं असतं. त्यानं टेबलाच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली चिठ्ठी काढली. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, मागून चिकटणारी. पत्ता घालायला आम्ही वापरतो तशी. वर लिहिलेलं, 'ज्युनिपर फंड'. खाली 'मिसेस रेमंड पॅव्हलिक' आणि पत्ता. उजव्या कोपऱ्यात एकच अक्षर: 'पी'.

"साध्या पाकिटातून आली," जड म्हणाला. "पाठवणाऱ्याचं नाव नाही. आणि हा शेरा बघ. पी. प्रायव्हेट. तुमच्याच गुप्त फायलीतली चिठ्ठी आहे ना ही?"

"आमच्या गुप्त फायलींवर लाल शिक्का असतो."

"मग पी म्हणजे काय?"

टाइप केलेलं माझंच होतं, यात शंका नव्हती. तो उडणारा 'आर' मी कुठेही ओळखला असता. पण कधी, कशासाठी, काही आठवेना. पिशवी उलटी केली. चिठ्ठीच्या मागे खरवडलेल्या खाकी पुठ्ठ्याचा पापुद्रा चिकटलेला होता, आणि त्यावर तुपकट डाग.

"जड, तू मिस कोराला कधीपासून ओळखतोस?"

"सात वर्षांचा होतो तेव्हापासून. पियानो शिकवायची. बोटांवर पट्टी मारायची."

"आणि तिच्या नवऱ्याचं नाव?"

"रेमंड… अरे हो. चार वर्षं झाली त्याला जाऊन."

"सगळं गाव तिला मिस कोरा म्हणतं. तिला मिसेस रेमंड पॅव्हलिक म्हणणारं माणूस तुला माहीत आहे?"

"नाही बुवा," जड म्हणाला. "पण ते तर तूच टाइप केलंयस."

३

ते खरंच होतं. बुधवारी सकाळी मी हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वेंडेलच्या टेबलापाशी जाऊन बसले. वेंडेलची बायको पवनचक्क्यांच्या बाजूच्या समितीत होती. दारोदार फिरून पाट्या लावायची. तेव्हा संशय घ्यायला तो चांगला माणूस होता.

"विचारा," तो म्हणाला. "ब्रिननं काल दोन तास विचारलं. बायकोनं रात्री तीन तास. तिचं म्हणणं, मी माहिती फोडली असती तर निदान एकदा तरी तिच्या उपयोगी पडलो असतो."

"रेमंड पॅव्हलिक कोण, माहीत आहे?"

"मिस कोराचे वडील?"

वेंडेलला गावात येऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं चिठ्ठी पाहिली असती तर मिसेस रेमंड म्हणजे त्याच्या मुलीची पियानोवाली, हे त्याच्या ध्यानातही आलं नसतं. ब्रिनचंही तेच, ती तर मिलवॉकीची. चिठ्ठी ज्यानं पाठवली त्याला ती नीट वाचता आली होती. माणूस जुना होता, गावचा होता.

डोकं चालेना म्हणून मी समोरच्या बेकरीत गेले. रांगेत पाच जण. काउंटरवरची बाई नेहमीसारखी आत ओरडत होती.

"दोन पी, एक सी! एक आर!"

माझा नंबर आला तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय देऊ, आर्डिस?"

"पी," मी म्हणाले.

"एक पी!" ती आत ओरडली.

आमच्याकडे क्रिंगल मिळतं. डॅनिश लोकांनी आणलेलं गोड पक्वान्न, मोठ्या लंबगोल कड्यासारखं, पापुद्र्यापापुद्र्याचं, लोण्यानं थबथबलेलं. सी म्हणजे चेरीचं. आर म्हणजे रास्पबेरीचं. आणि पी म्हणजे पेकनचं, आमच्याकडच्या त्या अक्रोडासारख्या मेव्याचं.

खोका हातात घेऊन मी फुटपाथवर उभी राहिले आणि मला रडायला आलं. फाउंडेशन दर नाताळात प्रत्येक फंडवाल्याकडे एक क्रिंगल पाठवतं. एकशे चाळीस खोके. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या मी टाइप करते: नाव, पत्ता, कोपऱ्यात चवीचं अक्षर. या वेळी ब्रिन म्हणाली, चिठ्ठीवर फंडाचंही नाव घाला, आपुलकी वाटते. मी घातलं. एका दुपारीत एकशे चाळीस चिठ्ठ्या. त्यात गुप्त फंडांच्या सहा होत्या, आणि त्यांच्यावर फंडाचं नाव घालायचं नाही हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

गुपित फोडणारा कुणीही असो, ते उघड्यावर ठेवलं होतं मी.

४

मिस कोराचं घर वाळूच्या टेकड्यांच्या रस्त्यावर, अगदी टोकाला. फाटकाशी टपालाची पेटी वाकून जमिनीला टेकली होती. कुणीतरी रात्री गाडीतून जाताना बॅट मारली असणार.

"ये गं," मिस कोरा म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ. "पाय पुसून ये. तू तरी आलीस. काल चार आयांचे फोन आले. सातपैकी चार मुलं बंद. एक म्हणाली, मुलाला फुटबॉल आवडायला लागलाय. मार्च महिन्यात! फुटबॉल सप्टेंबरात सुरू होतो!"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगू? हा फंड माझा नाही, म्हटलं. तर म्हणतात, असंच म्हणणार. आर्डिस, मी चक्क्यांच्या बाजूनं मत देणार होते. माझ्याकडे भरायला गॅसचं बिल आहे, फंड कुठला?" तिनं पियानोचं झाकण बंद केलं. "चाळीस वर्षं यांच्या पोरांची बोटं धरली मी."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी जीभ दातांखाली धरली.

"नाताळात तुम्हाला क्रिंगल येतं ना?"

"येतं की. रेमंड गेला त्या वर्षापासून. चर्चकडून येतं ना ते?"

"कोण आणून देतं?"

"लेलंड. लेलंड बास्टियन. दरवर्षी तोच."

लेलंड म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. ट्रॅक्टर आणि दूध काढायची यंत्रं विकतो. पवनचक्क्यांसाठी जिल्हाभर भाषणं देत फिरत होता. खोके वाटायला मंडळाची माणसं आपापल्या गाड्या घेऊन जातात, आणि टेकड्यांचा रस्ता त्याच्याकडे असतो, कारण त्याची आई तिथेच राहते.

"या वेळी जरा विचित्रच वागला," मिस कोरा म्हणाली. "नेहमी दार उघडलं की 'मिस कोरा, अजून पट्टी आहे का हो?' म्हणतो. या वेळी खोका हातात देईना. वरची चिठ्ठी नखानं खरवडत होता. म्हणाला, वाकडी लागलीय. मग मला विचारतो, फाउंडेशनशी तुमचा काय संबंध? मी म्हटलं, फाउंडेशन कुठलं, माझं चर्च. तर असा बघितला माझ्याकडे, जशी मी खोटं बोलतेय."

एवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. शेजारची सिग्ने बास्टियन, लेलंडची आई, हातात झाकलेलं भांडं घेऊन उभी. ऐंशी पार केलेली, डोक्यावर रुमाल.

"मिसेस रेमंड, सूप आणलंय. गरम आहे तोवर घ्या." मग तिला मी दिसले. "अरे, मिसेस ओलाफ. तुम्ही इथे?"

ओलाफ माझा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. सिग्नेच्या पिढीतल्या बायका अशाच हाक मारतात. त्यांच्या लेखी बाईचं नाव तिच्या नवऱ्यापाशी असतं. तिच्या पिढीतल्या आता आमच्या गावात तीन उरल्यात.

सिग्नेनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. ती भांडं ठेवून निघून गेली.

"काल सूप, आज सूप," मिस कोरा म्हणाली. "पेपर आल्यापासून बिचारी माझ्यासाठी कासावीस झालीय. क्रिंगलसुद्धा आम्ही दोघी मिळून खातो. तिला साखरेचा आजार, म्हणून नखाएवढा तुकडा घेते, आणि म्हणते, लेलंडला सांगू नका."

वाचकांनी काय समजायचं ते समजावं. मी काहीही म्हटलेलं नाही.

५

गुरुवारी सकाळी लेलंडच्या दुकानात गेले. आम्ही एकाच शाळेतले. तो माझ्या मागे सहा वर्षं. एका ट्रॅक्टरखालून त्याचे बूट बाहेर आलेले दिसत होते.

"बाहेर ये, लेलंड."

"आर्डिस? संध्याकाळच्या बैठकीचं असेल तर मला आधी बोलता येत नाही."

"क्रिंगलच्या खोक्याचं आहे."

बूट हलायचे थांबले. तो बाहेर आला, हात पुसले, आणि सरळ खुर्चीवर बसला. लेलंडला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर तो अध्यक्ष झाला.

"तीन महिने पाकिटात घेऊन फिरलो," तो म्हणाला. "तीन महिने. मग ते गाईचं पत्रक तिसऱ्यांदा आलं. बारा शेतकऱ्यांनी माझ्याकडे येऊन विचारलं, लेलंड, या चक्क्यांनी खरंच गाई मरतात का? मी जिल्हाभर माझ्या नावानिशी उभा राहून बोलतो. लोक मला तोंडावर शिव्या देतात, मी ऐकून घेतो. आणि समोरचा माणूस कुठे? झुडपाच्या आड. मोठ्यानं बोलायला पैसा आहे, नाव सांगायला तोंड नाही. हा काय दानधर्म झाला?"

त्याचं सगळं चूक होतं असं मला म्हणता येईना. त्या पत्रकाच्या दिवसापासून मीही मनात तेच म्हणत होते.

"आणि त्यापायी माझी नोकरी जातेय, ती?"

त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, चिठ्ठी कुठून आली ते कुणाला कळणार नाही. तुझ्यावर येईल असं नव्हतं वाटलं. संध्याकाळी बैठकीत तुझ्यावर मत घेतलं तर मी तुझ्या बाजूनं देणार होतो."

"मोठे उपकार."

"पण मी खोटं नाही ना सांगितलं. चिठ्ठीवर होतं तेच पाठवलं."

"चिठ्ठी कशाची होती?"

"खोक्याची."

"खोक्याच्या चिठ्ठीवर काय असतं? खोका कुठे न्यायचा ते. आमच्या फॉर्मवर छापलेलं आहे, कुणीही मागून घ्यावा: 'नाताळचं क्रिंगल कुणाकडे पाठवू?' बहुतेक लोक आपलाच पत्ता लिहितात."

"बहुतेक?"

"बहुतेक."

एवढं बोलून मी तोंड मिटलं. यापलीकडे एक शब्द जाणार नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, पण डोळे कुठे तरी लांब गेले होते.

"म्हणजे कुणीतरी आपलं क्रिंगल मिस कोराकडे पाठवतं," तो सावकाश म्हणाला. "रेमंड गेल्यापासून. शेजारधर्म म्हणून. किंवा स्वतःला खाता येत नाही म्हणून. किंवा…" त्यानं हातातली फडक्याची गुंडाळी सोडली, पुन्हा केली. "त्या चिठ्ठीवर मिसेस रेमंड असं होतं. मी पण तेव्हा म्हटलं, हे कोण असं लिहितं? असं तर फक्त…"

मी भिंतीवरच्या बियाणांच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मार्चच्या पानावर मक्याचं शेत होतं. मी कणसं मोजली.

"आईच्या घरी क्रिंगलचा खोका आला असता तर मीच तो नेऊन दिला असता," लेलंड म्हणाला. "चिठ्ठीसकट."

मी सतरा कणसं मोजली.

"आर्डिस. नुसती मान हलव."

"नाही."

"नाही म्हणजे ती नाही, की मान हलवणार नाही?"

"पाच वाजता बैठक आहे," मी म्हणाले, आणि निघाले. त्याला कळलं होतं, आणि मी सांगितलेलं नव्हतं. या दोन्हींच्या मधली जागा इतकी अरुंद असेल, असं मला सत्तावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

६

मंडळाचे सात जण, ब्रिन, वेंडेल आणि मी. ब्रिननं माझं प्रकरण वाचायला घेतलं, तोच लेलंड उभा राहिला.

"थांब. चिठ्ठी मी पाठवली."

कुणीतरी पेन टेबलावर टाकलं. लेलंडनं सगळं सांगितलं, खोका, नख, पाकीट. "ती चिठ्ठी क्रिंगल कुठे न्यायचं ते सांगते, पैसे कुणाचे ते सांगत नाही. मी गाढवपणा केला. एका म्हाताऱ्या बाईला गावासमोर उभं केलं आणि दुसऱ्या बाईची नोकरी जायची वेळ आणली. जडला भेटून आलोय. पुढच्या अंकात माझ्या नावानं माफी येईल, पहिल्या पानावर. मिस कोराकडेही जाऊन आलो."

"काय म्हणाली?" वेंडेलनं विचारलं.

"पट्टी काढली तिनं," लेलंड म्हणाला. कुणी हसलं नाही. "अध्यक्षपद मी सोडतोय."

"पण मग पी म्हणजे?" ब्रिननं विचारलं.

"पेकन," मी म्हणाले. मग मीही उभी राहिले. "आणि चिठ्ठीवर फंडाचं नाव मी टाइप केलं होतं. गुप्त फंडाचं. ते माझ्या हातून व्हायला नको होतं. लेलंडनं उचललं, पण ठेवलं मी."

ब्रिननं माझ्या प्रकरणाचा कागद उलटा घातला. "फंडाचं नाव घाला, ही सूचना माझी होती," ती म्हणाली. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा आवडली.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एकानं विचारलं, "पण लेलंड, मग ज्युनिपर फंड आहे कुणाचा? तुला काही अंदाज?"

"नाही," लेलंड म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, हे मी आधी लिहिलं ते चूक होतं.

चार विरुद्ध दोन मतांनी मला कामावर ठेवलं. लेलंडनं मत दिलं नाही.

बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता. सरोवरावरचं बर्फ फुटून काठाशी आलं होतं, त्याचा कुरकुर आवाज येत होता. लेलंड पायऱ्यांवर बसला होता, टोपी हातात घेऊन. मी त्याच्या शेजारी बसले.

"दर रविवारी जेवायला जातो मी," तो म्हणाला. "दर रविवारी चक्क्यांबद्दल बोलतो. कुठे बसवणार, किती उंच, किती घरांना वीज. ती बटाटे वाढत असते. म्हणते, छान आहे, लेलंड. अजून घे."

मी पायरीवरची वाळू बुटानं बाजूला सारली.

"एकदा तरी म्हणायचं होतं. 'मला नकोत त्या माझ्या खिडकीसमोर.' एवढंच. मी काय खाल्लं असतं तिला?" त्यानं टोपी डोळ्यांवर दाबली. "मला सांगायचं सोडून सगळ्या जिल्ह्याला पत्रकं वाटली. सांग ना, आर्डिस. मी इतका वाईट ऐकणारा आहे का, की तिला असं करावं लागलं?"

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला. त्याला सांगावंसं वाटलं की ती काल माझ्याकडे कशी बघत होती, दोन दिवस मिस कोराकडे सूप घेऊन कशी जात होती.

"कुणाला, लेलंड?" मी विचारलं.